मोजपट्टी कोणत्या हेडमध्ये?

चामटोलीत घर घेतलं ते नदीसाठी, असं मी लोकांना सांगतो. बदलापुरातल्या घरांचे भाव ऐकून मी एक गाव पुढे सरकलो, हे बायको सांगते. दोन्ही खरं आहे.

नदी म्हणजे उल्हास. राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांतून उतरते, कर्जत, वांगणी, बदलापूर करत शेवटी वसईच्या खाडीला लागते आणि वाटेत एका अख्ख्या शहराला नाव देते. 1949 साली कल्याणच्या लष्करी छावणीत राहिलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीचं उल्हासनगर झालं ते हिच्यावरूनच. आठ-नऊ महिने ही नदी इतकी सालस असते की तिच्यात म्हशी बसतात. जुलैत मात्र ती स्वतःच गावात येते. 26 जुलै 2005 ला आली. मग 2019 साली, पुन्हा 26 जुलैच्याच रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढलं. या दोन स्टेशनांच्या मध्ये एखादं स्टेशन व्हावं, असं इकडे वर्षानुवर्षं बोललं जातं. त्या दिवशी एक गाडी थांबली खरी, पण तिचा थांबा मंजूर नव्हता.

मी एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. राहायला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात शेजारच्या आजींनी मला त्यांच्या घराची सागवानी चौकट दाखवली. तिच्यावर दोन रेघा होत्या. वरची 2005 ची, विळ्याच्या टोकानं कोरलेली, तेल-धुरानं काळी पडलेली. खालची 2019 ची, नातवानं मार्करनं मारलेली, शेजारी तारीख आणि एक रडका चेहरा. दोन्ही रेघांत वीतभर अंतर. "यो बघ, इथवर पानी आयलं व्हतं," आजी म्हणाल्या आणि कोरलेल्या रेघेवरून बोट फिरवलं.

माझ्या डोक्यात तिथंच दिवा लागला. वांगणीपासून बदलापूरपर्यंत नदीकाठच्या गावांत अशा किती चौकटी असतील! घरोघर जायचं, खूण जमिनीपासून किती उंच ते मोजायचं, म्हाताऱ्यांना दोन प्रश्न विचारायचे, नकाशावर मांडायचं. लोकांच्या आठवणीतली पूररेषा. खर्च : एक पोलादी मोजपट्टी, दोन वह्या, स्कूटरचं पेट्रोल आणि छायाप्रती. रात्री मी हिशेब केला. 18,400 रुपये. त्यातही चारशे मी भीतीपोटी धरले होते.

खरं तर मी त्याच क्षणी बायकोची टेप आणून ती चौकट मोजायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी ही कल्पना मी प्राचार्यांच्या कानावर घातली, आणि माणसानं स्वतःच्या पायावर मारायची कुऱ्हाड मारून झाली.

प्राचार्यांचे डोळे लकाकले, पण नदीसाठी नव्हे. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती येणार होती, आणि नॅकचा तिसरा निकष म्हणजे संशोधन. त्या रकान्यात आमच्याकडे गेल्या पाच वर्षांत एक भित्तिपत्रक स्पर्धा होती. "सर, अनुदान आणा," ते म्हणाले. "मंजूर झालेला प्रकल्प पाहिजे. स्वतःच्या पैशानं केलेलं संशोधन मोजत नाहीत."

अशा रीतीनं मी अनुदान शोधू लागलो. एके काळी छोट्या कॉलेजातल्या मास्तरला यूजीसीचे लघुसंशोधन प्रकल्प हा मोठा आधार होता. भूगोलातले मुरलेले लोक अजून त्यांची आठवण मुलीच्या लग्नात आलेल्या मदतीसारखी काढतात. ते बंद पडले. समाजशास्त्रांसाठी आयसीएसएसआर आहे, 1969 पासून आहे, पण तिच्या दारातली रांगही तितकीच जुनी. विज्ञानासाठी सर्ब होतं. 2023 च्या कायद्यानं त्याच्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आणि पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांची घोषणा झाली. आकडा वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. पुढे वाचलं की त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, उद्योग-देणग्यांतून यायचा आहे, तसा पुन्हा टेकलो. शिवाय माझा विषय विज्ञानात बसतो की समाजशास्त्रात, हेच ठरेना. पाणी विज्ञानात, आजी समाजशास्त्रात.

मग मी प्रस्तावलेखनाच्या कार्यशाळेला गेलो. फी 500 रुपये, त्यात चहा, समोसा आणि प्रमाणपत्र. हॉल भरला होता. साडेअकराला प्रमाणपत्रं वाटली आणि हॉल रिकामा झाला, कारण पदोन्नतीला प्रमाणपत्र लागतं, प्रस्ताव लागत नाही. उरलेल्या सात जणांना तज्ज्ञांनी सांगितलं, "पूर्वी संशोधकाला कोणी विचारत नव्हतं. आज संधीच संधी आहेत."

मला केतकर आठवले. कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश काढायचा ठरवला तेव्हा चक्क लिमिटेड कंपनी काढली आणि तिचे शेअर विकले! गावोगावी फिरून वर्गणीदार गोळा केले आणि 23 खंड काढून दाखवले. ज्ञानकोशाचे शेअर घेणारा मराठी माणूस एके काळी होता, यावर आज कोणाचा विश्वास बसणार नाही. आपण हल्ली ज्यात पैसे गुंतवतो त्यात अक्षरं नसतात. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लाख रुपये द्यायचं कबूल केलं. काम 1919 ला सुरू झालं आणि 1966 ला पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. आजच्या छाननी समितीनं तिचे संपादक सुकथनकर यांना विचारलं असतं, "पहिल्या सहा महिन्यांत किती पर्वं देणार? आणि युद्ध थोडक्यात नाही का आटोपता येणार?"

आमच्या अंबरनाथचंच घ्या. शिवमंदिर शिलाहार राजा छित्तराजानं सुरू केलं आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात पुरं झालं असं मानतात. म्हणजे मंजुरी एका संचालकाची, पूर्तता दुसऱ्याची. आणि शके 982, म्हणजे 1060 चा शिलालेख? माझ्या मते ते आपल्या तालुक्यातलं सर्वांत जुनं पूर्तता प्रमाणपत्र आहे. दगडात कोरल्यामुळे ते "अपलोड होत नाही" असं कोणी म्हणू शकत नाही.

पण मला खरी वाट दाखवली ती ना तज्ज्ञांनी, ना पोर्टलनं. ती दाखवली आमच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी. भाऊसाहेब म्हणजे आमचे मुख्य लिपिक. निवृत्ती जवळ आलेली, टेबलावर काचेखाली गणपती आणि वेतनश्रेणीचा तक्ता. माझा कागद त्यांनी वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"सर, अठरा हजार?"

"तेवढेच लागतात."

"तुम्हाला लागतात. समितीला लागत नाहीत. अठरा हजार मागणारा माणूस संशोधक वाटतच नाही, उसने मागणारा वाटतो. किमान दीड लाख करा. मग ते कापून नव्वद देतील. सर, संशोधन तुमचं, हेड माझी."

आणि भाऊसाहेबांनी वहीत उभ्या रेघा मारायला घेतल्या. नॉन-रिकरिंग, रिकरिंग, प्रवास, कंटिन्जन्सी, ओव्हरहेड. कंटिन्जन्सी म्हणजे जे होईल असं माहीत असूनही सांगता येत नाही ते. ओव्हरहेड म्हणजे संशोधन करताना कॉलेजचा पंखा फिरतो त्याचे. सगळं बसलं. मोजपट्टीपाशी भाऊसाहेब थांबले.

"ही कुठं टाकायची?"

"इक्विपमेंटमध्ये?"

"मग डेडस्टॉकला नोंद, नंबर टाकायचा, दर वर्षी पडताळणी, आणि तुम्ही निवृत्त होताना परत करायची. हरवली तर चौकशी."

"मग कन्झ्युमेबलमध्ये टाका."

"कन्झ्युमेबल प्रकल्पाअखेर संपलेलं दाखवावं लागतं. मोजपट्टी संपली कशी दाखवणार? वापरून वापरून तोकडी झाली म्हणून?"

यावर आम्ही पंचेचाळीस मिनिटं बोललो. माझ्या सबंध प्रकल्पावर इतकी गंभीर चर्चा त्याआधी झाली नाही आणि नंतरही नाही. शेवटी पट्टी डेडस्टॉकला गेली.

प्रस्ताव कॉलेजच्या सॉफ्टवेअरमधून काढला तेव्हा 34 टक्के मजकूर चोरीचा निघाला. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत प्रबंधाला 10 टक्क्यांपर्यंत माफी आहे, म्हणून आमच्याकडे सगळ्यालाच तोच गज लावतात. मी रात्रभर शोधलं की मी कोणाचं उचललं. सापडलं ते हमीपत्र. "हा मजकूर मी कोठूनही उचललेला नाही" हे वाक्य, जे पोर्टलवरून जसंच्या तसं उतरवणं सक्तीचं होतं.

सादरीकरण ऑनलाइन होतं, पाच मिनिटांचं, आणि नेमकं शुक्रवारी. शुक्रवारी आमच्याकडे वीज असेल या भरवशावर इथला माणूस दळणसुद्धा टाकत नाही. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीवर मोबाइल ठेवून उभा राहिलो. एका तज्ज्ञांनी विचारलं, "यात नॉव्हेल्टी काय?" मी म्हटलं, "पाणी दर वेळी नवीन असतं." मी तरी तसं म्हटलं, पलीकडे काय पोचलं ठाऊक नाही, कारण तेवढ्यात आवाज गेला. एकजण मान डोलावताना दिसले आणि चित्र तिथंच गोठलं. भाऊसाहेबांच्या मते माझी निवड त्या गोठलेल्या चित्रामुळे झाली.

मधल्या काळात रोज संध्याकाळी आजी विचारायच्या, "कवा मोजतंस?" मी म्हणायचो, "पैसे आले की, आजी." यात लबाडी नव्हती. मंजुरीच्या तारखेआधी केलेलं काम प्रकल्पात धरत नाहीत, असं नियमावलीत ठळक अक्षरांत होतं. नियम पाळणारा माणूस आहे मी.

चौदा महिन्यांनी मंजुरी आली. भाऊसाहेब बोलले तसे बरोबर 90,000. पहिला हप्ता मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जमा झाला, तो 31 मार्चच्या आत खर्चायचा होता. पूर जुलैत येतो हे मी पत्रानं कळवलं. उत्तर आलं नाही. मी पट्टी घेतली, सरकारी खरेदीच्या जीईएम पोर्टलवरून, रीतसर. पण एकीऐवजी तीन आल्या, कारण विक्रेत्याची किमान मागणी तीनची होती. दोन डेडस्टॉकच्या कपाटात गेल्या, एक माझ्या हाती आली. तिची डबी छोटी, म्हणून शिपायानं डेडस्टॉकचा नंबर पांढऱ्या ऑइलपेंटनं थेट पात्यावर टाकला होता. सुरुवातीपासून. आता पट्टी 11 सेंटीमीटरला सुरू होत होती.

तरी ती खिशात घालून मी पहिल्यांदा गेलो आजींकडे. दारात मांडव होता. आठवड्यापूर्वी नातवाचं लग्न झालं होतं. आणि दाराला नवी चौकट होती. ग्रॅनाइटची. काळी, गुळगुळीत, तोंड दिसेल अशी.

"जुनी कुठंय आजी?"

"बंबात गेली. हलदीचं पानी तापवाया लाकूड नको का?" मग माझ्या पट्टीकडे बघून म्हणाल्या, "तू म्हनलास पैसं आलं का मोजीन. पैसं नाय आलं, सून आली."

सून आतून चहा घेऊन आली. मी चहा प्यालो. त्या नव्या चौकटीवर कुठल्या उंचीला बोट ठेवायचं, हे आजींनी अंदाजानं दाखवलं, पुन्हा दाखवलं तेव्हा ते चार बोटं खाली आलं. नोंदीत ती खूण मी धरलेली नाही.

पुढे काम झालं. मुदतवाढ एक, हप्ते दोन, खुणा 41. त्या सगळ्या मी बायकोच्या शिवणकामाच्या टेपनं मोजल्या, कारण ती शून्यापासून सुरू होते. जीएफआर 12-अ हा उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना भाऊसाहेबांनी निवृत्तीच्या आदल्या दिवशी भरून दिला. शिल्लक 312 रुपये परत केले, बँकेनं दिलेलं 27 रुपये व्याजही सरकारला भरलं. अनुदानावर मिळालेलं व्याज आपलं नसतं, हे भाऊसाहेबांनी मला तीनदा बजावलं होतं. दरम्यान संशोधनाच्या अनुदानावर जीएसटी मागणाऱ्या नोटिसा मोठमोठ्या संस्थांना गेल्या, गदारोळ झाला आणि सप्टेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेनं सूट द्यायचं ठरवलं. ते वाचून भाऊसाहेबांचा निवृत्तीनंतर पहिला फोन आला. "सर, आपल्या 27 रुपयांना कोणी हात लावणार नाही."

नॅकच्या समितीनं तिसऱ्या निकषाचं पान उलटलं, "छान" म्हटलं आणि जेवायला गेली. त्या कपाटातल्या दोन मोजपट्ट्यांची दर वर्षी पडताळणी होते. त्या सुस्थितीत आहेत.

वांगणी ते बदलापूर, नदीच्या कोणत्याही काठाला, कोणाच्या घरात भिंतीवर, खांबावर, चौकटीवर, देवळाच्या ओट्यावर 2005 ची किंवा 2019 ची खूण अजून असेल, तर रंग काढण्याआधी, लग्न ठरण्याआधी, निरोप धाडा. मी त्याच संध्याकाळी येतो. टेप घरची आहे.