थोरली तशीच, धाकटीला हळद

लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या पिकॅडिली लाइनला नव्या गाड्या मिळणार. बोगदे 1906 चे, गाड्या 1973 मॉडेलच्या. ऑर्डर 2018 मध्ये दिली. वायदा 2025 चा होता, तो 2026 वर गेला. साहेबाचा वक्तशीरपणा तो हाच! नव्या गाडीत म्हणे एसी. आजवर नव्हता, कारण त्या चिंचोळ्या बोगद्यात गरम हवा सोडायची कुठे? शतकभर ब्रेकची धग पिऊन भोवतालची चिकणमातीच तापलीय. नवी गाडी येईतोवर उन्हाळ्यात डब्याच्या टोकाच्या दाराची खिडकी खाली ओढा आणि कान बधिर करून घ्या. तिथल्याच बेकरलू लाइनच्या गाड्या तर 1972 मॉडेलच्या. थोरलीला अजून स्थळ नाही, आणि धाकटीचा मुहूर्तही पुढे ढकललेला!