कुलवृत्तांत, रात्री सात ते दहा

शकूआत्याच्या नातीला स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, ठाण्यात स्वतःचं टू बीएचके, आई-वडील डोंबिवलीत वेगळे. हल्लीच्या हिशेबानं छत्तीस गुण इथेच जुळले. आडनाव सुभेदार. आत्यानं बायोडेटा चष्म्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला आणि मला विचारलं, "हे त्या गुरुनाथपैकी तर नव्हेत?"

आपल्या नात्यात कोण गुरुनाथ, हे मी दोन मिनिटं आठवत बसलो. मग उजेड पडला. गुरुनाथ सुभेदार, 'माझ्या नवऱ्याची बायको'मधला. ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१, म्हणजे साडेचार वर्षं, हा गृहस्थ आत्याच्या दिवाणखान्यात येऊन बायकोला, राधिकेला फसवत होता. तेवढ्या काळात आमच्यातले सख्खे नातेवाईक तिच्याकडे चारदा फिरकले असतील, त्यातही दोनदा आमंत्रणपत्रिका द्यायला. तिनं जास्त कुणाला ओळखावं?

"आत्या, ती मालिका होती."

"मालिका होती हे मला कळतं रे. पण आडनाव तर खरं आहे ना?"

"मग अर्जुनपण सुभेदारच की. 'ठरलं तर मग'मधला. वकील आहे, बायकोवर जीव टाकतो."

आत्या विचारात पडली. "एकाच घराण्यात दोन्ही निघतात म्हणा. आपल्याकडे नाही का..." एवढं बोलून तिनं भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

या दोन सुभेदारांचं एकमेकांशी नातं काय, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. आपल्याकडे कुलवृत्तांत नावाचा एक जाडजूड प्रकार असतो. कुणीतरी निवृत्त गृहस्थ पदरचे पैसे घालून गोत्र, मूळ गाव, शाखा, उपशाखा गोळा करतो आणि शेवटी छापतो तेव्हा ज्यांची नावं राहिली ते त्याच्याशी बोलणं टाकतात. मी तो उद्योग पत्करला. फरक इतकाच, की माझ्या घराण्याचं मूळ गाव गोरेगावची फिल्मसिटी आणि शाखाविस्तार ठाण्याच्या घोडबंदर रोडवर.

पहिली गोष्ट आडनावांची. 'चार दिवस सासूचे'मधल्या आशालता देशमुख. 'पुढचं पाऊल'मधल्या आक्कासाहेब सरदेशमुख. 'रंग माझा वेगळा'चे इनामदार. 'तुला पाहते रे'चे सरंजामे. 'ठरलं तर मग'चे सुभेदार, आणि अर्जुनच्या बायकोचं, सायलीचं खरं माहेर किल्लेदार. ही मालिकांची यादी आहे की पेशव्यांच्या दफ्तरातलं रोजनाम्याचं पान, सांगता येणार नाही. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांची वतनं १९५०च्या कायद्यानं गेली, मागोमाग इनामं आणि सरंजामही सरकारजमा झाले. पण हा कायदा वाहिन्यांना लागू करायचा राहिला असावा. तिथे अजून प्रत्येकाला जिना असलेला दिवाणखाना आहे आणि सारा कुठून वसूल होतो ते कुणी विचारत नाही. अधूनमधून एखादं साधं, चाळीत राहणारं आडनाव येतं. ते सुनेचं माहेर असतं.

या व्यवस्थेत बढती मात्र आहे. 'तुला पाहते रे'चा विक्रांत सरंजामे हा मुळात गजा पाटील. गावकामगार ते सरंजामदार ही मजल मारायला जुन्या काळी दोन-तीन पिढ्या आणि एखादी लढाई लागायची. यानं ती एका लग्नात मारली. पुढे बायकोचा, राजनंदिनीचा जीव घेतला. मग तीच ईशा निमकर म्हणून दुसरा जन्म घेऊन आली आणि त्यानं तिच्याशीही लग्न केलं. कुलवृत्तांतात हे मांडायचं कसं? वंशवेलीवर एकाच बाईचे दोन जन्म नवऱ्याच्या शेजारी शेजारी काढले, तर ते छापखान्यातल्या माणसाला चूक वाटतं.

मी आमच्या ओळखीच्या एका वकिलाला गाठलं. ते म्हणाले, १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, जिचा खून केला तिची मालमत्ता खुन्याला मिळत नाही, तेव्हा विक्रांत बाद. मी म्हटलं, पण मयत बाई स्वतःच हक्क सांगायला आली तर? त्यांनी चष्मा काढला. मृत्यूचा दाखला एका नावाचा, आधार कार्ड दुसऱ्या नावाचं, सही तिसरीच. "नावात बदल म्हणून गॅझेटला देऊन बघा," एवढं म्हणून त्यांनी चहा मागवला.

देशमुखांची शाखा सगळ्यात विस्तारलेली. 'चार दिवस सासूचे'चे देशमुख २००१ ते २०१३ टिकले, तीन हजारांवर भाग झाले. 'आई कुठे काय करते'चे देशमुख त्यांचेच भाऊबंद असणार, कारण दोन्हीकडे घरातली बाई सोसते आणि घरातला पुरुष वर्तमानपत्र वाचतो. पण तिथल्या सुनेचं, अरुंधतीचं माहेर शोधायला निघालो तर थेट कोलकात्याला पोचलो. तिची थोरली बहीण बंगाली मालिकेतली श्रीमोयी, जून २०१९ची. त्याच वर्षी डिसेंबरात अरुंधती झाली. मग २०२० या एका सालात मल्याळममध्ये सुमित्रा, तेलुगूत तुलसी, हिंदीत अनुपमा, तमिळमध्ये बाक्कियलक्ष्मी. सगळ्या बहिणींनी संसारात उमेद घालवली, सगळ्यांच्या नवऱ्यांनी बाहेर दुसरी शोधली, सगळ्या नंतर पायावर उभ्या राहिल्या. म्हणजे आपला अनिरुद्ध देशमुख, अहमदाबादचा वनराज शाह, मद्रासकडचा गोपी हे एकमेकांचे साडू. लग्नकार्यात साडू भेटले की एकमेकांच्या पगाराची चौकशी करतात, हे काय विचारत असतील? बहुधा हेच, की तुझ्याकडे घटस्फोट कितव्या भागात झाला.

तमिळ साडूची दुसरी बायको कोण, तर राधिका! आत्याला हे सांगितलं तेव्हा ती हातातली वाटी खाली ठेवून म्हणाली, "आमची राधिका? मसाल्यांची तीनशे कोटींची कंपनी सोडून ती मद्रासला कशाला जाईल?" ती वेगळी राधिका आहे, हे तिला पटायला दोन दिवस लागले. खरं सांगायचं तर मलाही लागले.

हे रक्ताचं आणि लग्नाचं नातं झालं. आमच्या घराण्यात तिसरं एक नातं आहे, चेहऱ्याचं. ते सर्वांत घट्ट, आणि कुठल्याही भटजीला न कळणारं. आशालता देशमुखांची मालिका जानेवारी २०१३ मध्ये संपली. त्याच वर्षी जुलैत त्याच बाई 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या गोखल्यांच्या घरी भागीरथी आजी म्हणून देवाजवळ दिवा लावत होत्या. रोहिणी हट्टंगडींनी सहा महिन्यांत वतन, गोत्र आणि सून तिन्ही बदललं. सरदेशमुखांच्या आक्कासाहेब पुढे इनामदारांच्या सौंदर्या झाल्या. हुद्दा घसरला, दागिने तेवढेच राहिले.

पण खरी गंमत राधिकेच्या दुसऱ्या नवऱ्याची. गुरुनाथसारख्या माणसाच्या तावडीतून तिला बाहेर काढलं ते सौमित्रनं. भला माणूस, आत्याचा लाडका. मार्च २०२१ मध्ये ती मालिका संपली आणि त्याच महिन्यात 'अग्गंबाई सूनबाई' सुरू झाली. त्यात सौमित्रचे अद्वैत दादरकर आसावरीचा मुलगा सोहम होऊन आले आणि घरात बायको असताना बाहेर भानगड करू लागले. आत्याला तो धक्का सहन झाला नाही. "राधिकेनं दोनदा फसावं?" म्हणून ती एक आठवडा बातम्या बघत होती. बरं, ती बायको शुभ्रा. तीही याच घरावरच्या आदल्या मालिकेतली राहिली नव्हती. तेजश्री प्रधान होती तिथे उमा पेंढारकर आली होती. म्हणजे नवरा बदलला, बायको बदलली, घर तेच. समजूतदार आसावरी मात्र रोज सकाळी दोघांना तितक्याच मायेनं चहा देत होती. हा मुलगा आपला नाही, हे निवेदिता सराफांच्या चेहऱ्यावर एकदाही दिसलं नाही. याला मी अभिनय म्हणतो.

कुलवृत्तांतात 'स्थलांतर' असं एक प्रकरण असतं. दुष्काळ, प्लेग, परचक्र अशी कारणं देतात. आमच्याकडे एकच नोंद आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे राज्यात चित्रीकरण थांबलं आणि सगळी वतनदार घराणी काही गोव्याला, काही सिल्वासाला रवाना झाली. ज्यांच्या घरी कालपर्यंत सुनेला माहेरी जाऊ देत नव्हते, ते अख्ख्या कुटुंबानिशी रिसॉर्टवर उतरले आणि पोहण्याच्या तलावाकाठी कारस्थानं करू लागले. मग गोव्यानंही हात वर केले.

आता नशिबाचं. आपल्याकडे बाळाच्या सहाव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते, एकदाच. आमच्या घराण्याची सटवाई दर गुरुवारी येते, टीआरपीचे आकडे घेऊन. आकडा खाली गेला की कुणाचा तरी अपघात होतो. फारच खाली गेला तर स्मृती जाते. कलाकाराच्या तारखा मिळेनाशा झाल्या की ते पात्र अमेरिकेला जातं, आणि कलाकार भांडून गेला असेल तर पात्राचं परतीचं तिकीट काढत नाहीत. गुरुनाथच्या शनायाचा चेहरा दोनदा बदलला, दुसऱ्यांदा बदलून परत पहिल्यासारखा झाला. गुरुनाथला ते जाणवलं नाही. बायकोकडे न पाहणारे नवरे आपण ऐकून आहोत, मैत्रिणीकडेही न पाहणारा हा पहिलाच.

जान्हवीचं बाळंतपण तर अख्ख्या महाराष्ट्रानं मोजलं. कॅलेंडरं बदलली, लोकांच्या घरी खरी बाळं होऊन रांगायला लागली, पण 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये डोहाळे संपेनात. आज ते बाळ शाळेत असेल. कितवीत, हे मला ठरवता आलं नाही. जन्मापासून वय धरलं तर चौथी-पाचवी, पहिल्या उलटीपासून धरलं तर दहावीची बोर्डाची परीक्षा द्यायला हरकत नाही.

आणि अण्णा नाईक. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हाच ते वारलेले. २०१९ मध्ये जिवंत. २०२१ मध्ये भूत. सिंधुदुर्गातल्या आकेरीत त्यांचा वाडा बघायला लोक गाड्या करून जायचे, आणि त्यांची शेवंता दिसते का म्हणून खिडकीत डोकवायचे. अशा माणसाची पुण्यतिथी कुठल्या सालापासून धरायची? मी त्यांच्या नावापुढे मृत्यूचं वर्ष लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी पेन्सिलनं ठेवलं आहे.

एक पान मी कोरं सोडलं. जे जिना चढून वर गेले आणि खाली आलेच नाहीत त्यांच्यासाठी. मोठ्या दिरांची ती धाकटी मुलगी, गच्चीवर राहणारे काका, पहिल्या पन्नास भागांत घरात असलेला कुत्रा. लेखकाला विचारलं तर तो अण्णांच्या वाड्यावरच्या पांडूसारखा "इसारलंय" म्हणून मोकळा होईल.

रविवारी सुभेदार मंडळी आली. मुलगा बरा होता, मोबाईल उलटा ठेवून बसला. पोहे झाले, चहा झाला. शकूआत्या माझ्याकडे बघत होती. मी मान हलवून नको नको म्हणत होतो. तिनं विचारलंच.

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. "नाही हो, गुरुनाथ आमच्यातला नाही. आमच्याकडे असलं काही नाही. आम्ही अर्जुनकडचे."

आत्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला इथून दिसलं. दोघी मग सायलीच्या विषयात अशा रंगल्या, की मुलगा-मुलगी गॅलरीत बोलायला गेल्याचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ती परत आली तेव्हा दोघंही हसत होती. मुलाच्या वडिलांनी ते पाहिलं, गुडघ्यांवर हात टेकले आणि उठत म्हणाले, "चला, ठरलं तर मग!"

दोघी बायकांनी एकदम घड्याळाकडे पाहिलं.