पुतळ्याला चिखल लागत नाही

फ्लेमिंगोंमधली सर्वांत गुणी जात कोणती असं कुणी विचारलं, तर मी बेधडक सांगेन: नवी मुंबईच्या चौकातली. हा पक्षी बारा महिने एका जागी उभा राहतो. त्याला शेवाळ लागत नाही, भरती-ओहोटी लागत नाही. तो घाण करत नाही, पावसाळा आला म्हणून कच्छकडे पळत नाही आणि रात्री त्याच्यावर गुलाबी झोत सोडला तरी कुरकुरत नाही. शहराने स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घ्यायचं ठरवल्यावर असेच नगरनिष्ठ पक्षी हवे होते.

खऱ्या रोहित पक्ष्यांचं तसं नाही. ते हिवाळ्याच्या तोंडावर येतात, पावसाआधी जातात आणि मधल्या काळात चिखल मागतात. चिखल म्हणजे, सुज्ञ प्रशासनाच्या व्याख्येनुसार, ज्यावर अजून पेव्हर ब्लॉक बसलेले नाहीत अशी जमीन.

आता या चिखलाचं थोडं कौतुक करू, कारण निविदेत त्याला जागा मिळत नाही. ओहोटीला ठाण्याची खाडी मागे सरते आणि मैलोगणती गाळ उघडा पडतो. छोटा रोहित त्यात चोच उलटी घालून शेवाळ गाळून खातो. हे शेवाळ एवढं फोफावलं त्यात दोन्ही काठांवरच्या शहरांच्या सांडपाण्याचाही वाटा आहे, असं जाणकार सांगतात. म्हणजे लाखाच्या घरातले हे पाहुणे काही अंशी आपल्या गटारांवर पोसले जातात. आपण नकळत केलेलं हे अन्नदान अजून कुणी जाहीरनाम्यात कसं घातलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

पण भरती आली की हा गाळ पाण्याखाली जातो. मग थवे उठतात आणि नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ पाणथळींवर येऊन टेकतात. डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य, एनआरआय वसाहतीजवळची तळी, ही त्यांची विश्रांतीची ठिकाणं. खाडी हे जेवणघर, ही तळी ओसरी. आपण काय केलं? जेवणघराला २०१५ मध्ये अभयारण्य केलं, २०२२ मध्ये त्याला पाणथळींच्या रामसर यादीचा आंतरराष्ट्रीय मानही मिळाला. ओसरी मात्र बरीच वर्षं कागदोपत्री मोकळा भूखंड राहिली. पाहुण्यांना पंगतीला बसवायचं आणि हात धुवायला उठले की त्यांची जागा विकायला काढायची, हा आतिथ्याचा नवा प्रकार आहे.

डीपीएस तलाव सुमारे ३० एकरांचा. खाडीचं पाणी आत येण्याचे त्याचे मार्ग बुजत गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात तलाव कोरडा पडू लागला आणि त्याच्या आसपास फ्लेमिंगो मेलेले, जखमी झालेले सापडू लागले. त्याआधी जवळच्या जेट्टीच्या रस्त्यावरच्या एका फलकाला धडकूनही काही पक्षी मेले होते. आणि त्याच वर्षी २० मे रोजी घाटकोपरला विमानाच्या धडकेत सुमारे ४० फ्लेमिंगो गेले. त्या महिन्यांतही चौकातल्या एकाही पुतळ्याला साधं खरचटलं नाही. शहराची पक्ष्यांबाबतची तयारी योग्य दिशेने चालली आहे, याचा आणखी काय पुरावा हवा?

पुढे ओरड झाली, पाहण्या झाल्या, समिती बसली. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरीही दिली. अभिनंदन. फक्त दर्जा मंत्रालयातून येतो आणि पाणी मोरीतून, एवढं लक्षात असू द्यावं.

तलाव सुधारण्याची बैठक कशी होत असेल, याची मी कल्पना करतो. कोपऱ्यात बसलेला पाण्याचा अभ्यासक म्हणतो, “साहेब, मोरी मोकळी करा. भरतीचं पाणी आत आलं आणि ओहोटीला बाहेर गेलं, की निम्मं काम झालं.” शांतता पसरते. मग कुणीतरी अनुभवी माणूस विचारतो, “त्याचं उद्घाटन कसं करायचं?” प्रश्न बिनतोड आहे. चिखलातल्या पाइपला फीत बांधता येत नाही. नारळ फोडायला कठडा नाही, नाव कोरायला कोनशिला नाही. मोरी मोकळी करण्याचा खर्च इतका कमी, की फाइल वर पाठवायची लाज वाटावी. त्यापेक्षा काठाने भिंत, भिंतीवर पदपथ, पदपथावर दिवे, मध्ये कारंजं आणि एक सेल्फी पॉइंट. याला सुशोभीकरण म्हणतात. यातून तलावाची रया जाते, पण अंदाजपत्रकाची वाढते.

पवईला हेच झालं. तलावाकाठी सायकल ट्रॅक निघाला आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करायला सांगितली. तलावातल्या मगरींना सायकल चालवता येत नाही, हा मुद्दा निकालात आला नसावा.

हल्ली दुसरा एक युक्तिवाद फार ऐकू येतो: ही जागा मुळात नैसर्गिक नाहीच, माणसाने बांध घातला म्हणून पाणी साठलं, तर तिला पाणथळ कशी म्हणायची? २०१७ च्या पाणथळ नियमांनीही मिठागरं, सिंचनाचे आणि पिण्याच्या पाण्याचे बांधीव साठे व्याख्येबाहेर ठेवलेच आहेत. या हिशेबाने नांदूर मध्यमेश्वरचं काय करायचं? गोदावरीवर बंधारा घातला, मागे गाळ साचला, उथळ पाण्यात गवत माजलं, पक्षी आले आणि २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. पाण्याला उतार कळतो, सातबारा कळत नाही.

नवी मुंबईच्या जागी आधी राहणारे आगरी-कोळी काही निसर्गाला हात न लावता बसले नव्हते. त्यांनी खाडी अडवली, खारभूमीत भात लावला, मिठागरं पिकवली. पण त्यांच्या बांधाला उघाडी असे. भरतीला ती मिटायची, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायची. खाडीशी देवघेव चालू राही, म्हणून निवट्या आणि चिंबोऱ्याही टिकल्या. भराव टाकणाऱ्याला अशी देवघेव मान्य नसते. तो एकदाच येतो आणि कायमचा हिशेब मिटवतो.

आणि तिवरं! पाणथळीवर प्रेम दाखवायचं तर तिवराचं रोप लावताना फोटो हवाच. तिवरं तोडू नयेत हे शंभर टक्के खरं. पण उघड्या गाळाच्या पट्ट्यात ती दाटीवाटीने लावली, की चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना उभं राहायला जागा उरत नाही. खाडीत साचत्या गाळावर ती आपणहूनच पसरत आहेत.

याहून अवघड कोडं शहराच्या धारण तलावांचं आहे. सखल भागात भरती आणि पाऊस एकाच वेळी आले तर पाणी थोपवायला डच धर्तीवर हे तलाव केले. त्यांत गाळ साचला, गाळात तिवरं उगवली. आता गाळ काढायचा तर तिवरांना हात लागतो, नाही काढला तर पाणी रस्त्यावर येतं. इथे कुणाचीच थट्टा करवत नाही. कुठल्या तलावात पाणी साठायला हवं, कुठे झाडं वाढू द्यायची आणि कुठला गाळ पक्ष्यांसाठी उघडा ठेवायचा, हे जागोजागी वेगवेगळं ठरवावं लागेल. सगळीकडे एकच नकाशा चिकटवता येणार नाही, ही ठेकेदारांसाठी वाईट बातमी आहे.

दर २ फेब्रुवारीला पाणथळ दिन येतो, कारण १९७१ मध्ये त्या दिवशी इराणच्या रामसरला पाणथळींचा करार झाला. चित्रकला स्पर्धा होतील, मुलं गुलाबी रंग संपवतील. तुम्ही मात्र भरतीचं वेळापत्रक पाहून तुमच्या जवळच्या तलावाच्या मोरीपाशी जा. पाणी आत येताना दिसलं तर काम सुरू झालं असं समजा. दिसलं नाही, तर निविदेची प्रत मागा. तीत दिवे, बाकडी आणि कारंजं सापडेल. पाण्याच्या वाटेबद्दल एकही ओळ नसेल तर लेखी हरकत नोंदवा आणि पोच घ्यायला विसरू नका.