ओढणारच!

आमचा पुतण्या पुण्याला हिंजवडीत नोकरी करतो. काय करतो, ते इथे गावात, हिंगणीत, कुणालाच धड सांगता येत नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर चांगली स्थळं येतात, म्हणून आम्हीही खोलात जात नाही. खरं काम असं : चालू मशीनमधून कुणी पेनड्राइव्ह किंवा डोंगल उपटलं, तर लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, कोसळू नये, आणि कोसळलाच तर का कोसळला ते हुडकायचं. म्हणजे लोकांच्या घिसाडघाईवर याची भाकरी. नोकरी पक्की आहे.

पोळ्याला घरी येतो. लोक हिंगणीवरून बोर अभयारण्यात वाघ बघायला जातात. हा इथे ऑनलाइन सेंटरवर लोकांचे हात बघत बसतो. एकदा सातबारा काढायला त्याला पाठवला. सेंटरवाल्याने चालू कॉपीतच पेनड्राइव्ह उपटला. हा कळवळला.

“काय झालं भाऊ, चावलं काय?”

“अजून लिहिणं चालू होतं.”

“मंग? रोजच काढतो ना मी.”

यावर एखाद्याने उपदेश केला असता. याचे डोळे चमकले. “पुन्हा काढता का? आता जरा तिरपा.” मागे रांग खोळंबली. सातबारा राहिला तो राहिलाच.

“काका, माणूस ओढणारच,” हे त्याचं ब्रीद. यूएसबीच्या नेहमीच्या चपट्या पिनेत विजेच्या दोन पट्ट्या लांब आणि डेटाच्या आखूड असतात. काढताना डेटा आधी सुटतो, वीज शेवटी. बनवणाऱ्यांनीच ओढणारा गृहीत धरलाय, असं तो अभिमानाने सांगतो. मग बिल गेट्स येतात. 20 एप्रिल 1998, शिकागोचं कॉमडेक्स प्रदर्शन, सहकाऱ्याने विंडोज 98 दाखवताना स्कॅनर जोडला आणि भरसभेत पडदा निळा, मशीन ठप्प. “तेव्हा तर नुसता जोडला होता, काढलाही नव्हता!” ही गोष्ट घरात सगळ्यांची पाठ आहे. तरी हसावं लागतं.

बिघाड होतो कसा, ते मात्र त्याने झकास समजावलं. पंगतीत शेवटचा माणूस उठेपर्यंत पत्रावळ उचलायची नसते. कर्नलमध्ये एखादं उपकरण किती जण वापरताहेत याचा आकडा ठेवतात. तो शून्यावर आला की मगच त्याची मेमरी मोकळी करायची. पेनड्राइव्ह निघाल्याबरोबर कुणी घाईने मेमरी मोकळी केली आणि दुसरं काम अजून तिथेच वाचत असलं, की घास घ्यायला हात जातो आणि खाली पत्रावळच नाही. मशीन आडवं. असली चूक शोधायला दिवसच्या दिवस जातात आणि दुरुस्ती निघते ती दोन ओळी वरखाली करण्याची. आमच्या दादाचा प्रश्न : “याचा पगार देतात?”

घरातही सुटका नाही. मोटर बंद पडली, की “चालू होती तेव्हापासून काय बदललं?” पोळ्याच्या जेवणानंतर आईच्या पोटात जळजळ झाली. आपण सोडा दिला असता. याने विचारलं, “आजी, पुन्हा करून दाखवता येईल का?” हजार बदलांतला दोषी बदल अर्धेअर्धे तपासत गेलं तर साधारण दहा खेपांत सापडतो म्हणे, त्या हिशोबाने उद्या फक्त पुरणपोळी आणि कढी, परवा वडे आणि भजी.

“काहून बे, मी का मशीन आहो?” आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पुरणपोळी मागून खाल्ली. शोधकार्यासाठी.

एवढं सगळं ऐकून सेंटरवाला आता बिनधास्त झालाय. “तुमचा पुतण्या हाये ना पुण्याले,” म्हणतो आणि उपटतो. त्याला मी सांगून थकलो, निदान तुम्ही ऐका : पुतण्या वाचवतो तो कर्नल. अर्धवट लिहिलेला लग्नाचा व्हिडिओ त्यालाही परत आणता येत नाही. आधी तेवढं ‘इजेक्ट’ दाबा.