बिनपाटीलकीचे पाटील

लोहाऱ्यातल्या कुठल्याही चहाच्या हॉटेलात एक पाटील सापडतातच. पाटीलकी त्यांच्याकडे नाही. ती १९६२च्या कायद्यानं गेली. आज्यानं सारा वसूल केला, नातवानं सोसायटीचं पीककर्ज थकवलं. कडक इस्त्री, खांद्यावर टॉवेल आणि 'पाटील, या की' ऐकू येईपर्यंत दारातच रेंगाळण्याची सवय, एवढाच काय तो सरंजाम. ज्याची खरोखर सरकारी नेमणूक आहे त्याला मात्र 'पोलीस पाटील' म्हणायचं, म्हणजे अस्सल कोण याचा घोटाळा नको!

ही आपलीच खोड, असं समजणाऱ्यांनी विलायतेकडे पाहावं. तिथल्या बहुतेक वंशपरंपरागत लॉर्डांची सभागृहातली जागा १९९९ साली गेली. लॉर्डपण शाबूत राहिलं. मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय १८५७ साली बॅरोनेट झाले. हा दर्जा उमरावांच्या खालचा: नावाआधी 'सर', पण लॉर्डांच्या सभेत खुर्ची नाही. तरी १८६० साली खास कायदा झाला, की किताबाचा वारस होणाऱ्यानं स्वतःचं नाव सोडून जमशेटजी जीजीभॉय व्हायचं. बारशाच्या घुगऱ्या फुकट गेल्या म्हणायच्या! किताब मिरवणाऱ्यालाच महाग पडतो आणि म्हणूनच तो टिकतो. हाक मारणाऱ्याचं काय जातं? निजामाचे जंग, दौला, जाह हे किताब मात्र इथून पुसले गेले. १९४९त जहागिरी संपल्या, २०२३त लोहाऱ्याच्या जिल्ह्यावरचं निजाम उस्मान अलींचं नावही उतरलं. त्या किताबांना गल्लीत हाक मारणारं कोणी नव्हतंच.

कोणी म्हणेल, पाटील हे तर नुसतं आडनाव. तसं असतं तर आठ जणांच्या चहाचं बिल बरोबर त्यांच्याच पुढ्यात का सरकतं? दुसरा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. ज्यांचे आजे वाड्याबाहेर हात जोडून उभे राहिले, त्यांच्या कानाला ही हाक गोड कशी लागावी? लागत नाहीच. पण त्या आज्यांच्या नातवांनी हिशेब पुरता ओळखलाय. १४ एप्रिलच्या जयंतीचं पावतीपुस्तक उघडलं, की 'पाटील' हा शब्द सगळ्यात अदबीनं तेच उच्चारतात, तोही चारचौघांत, मोठ्यानं. शेजारच्या मास्तरांची पावती शंभराची फाटते. पाटलांना आकडा विचारतच नाहीत. पाचशे आधीच लिहिलेले असतात.