सापळेकार महोदय, तुमच्या परीक्षेत रोमन माणूसच नापास झाला!

प्रति,
शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिकांमध्ये रोमन संख्याचिन्हांचे प्रश्न काढणारे महोदय यांस,



आपलं नाव प्रश्नपत्रिकेवर छापलेलं नसतं. थोर कामं करणारी माणसं अशीच पडद्याआड राहतात. पण आपली कीर्ती मात्र मलकापूरपासून लोणारपर्यंत पोचली आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ज्या घरी शाळकरी लेकरू आहे आणि त्याला शिष्यवृत्तीला बसवायची हौस असलेले आईबाप आहेत, त्या घरी दिवेलागणीनंतर आपला उद्धार ठरलेला. तो थेट आपल्या कानी जावा, एवढ्यासाठी हे खुलं पत्र.

आधी अभिनंदन. डोळ्यांना दिसतं ते खरं नसतं, हे पटवायला साधुसंतांना कीर्तनांवर कीर्तनं करावी लागली. तुम्ही ते दोन गुणांच्या एका प्रश्नात साधलंत. चार ही संख्या रोमन पद्धतीनं कशी लिहाल, असा तुमचा प्रश्न. खाली चार पर्याय. माझ्या नातवानं मान वर केली, भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं आणि चार उभ्या काड्यांच्या पर्यायाचं वर्तुळ काळं केलं. तुमच्या उत्तरसूचीनं त्याला चूक ठरवलं. ‘आबा, घड्यायात तं चार काड्या हायेत, मंग माहंच काहून चुकलं?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. घड्याळच चुकलं म्हणावं, तर ते वेळ बरोबर दाखवतंय.

व्हीच्या डावीकडे आय, हे तुम्हाला हवं असलेलं उत्तर मलाही ठाऊक आहे. आय आणि एक्स लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा लिहायचे नाहीत; लहान चिन्ह मोठ्याच्या उजवीकडे आलं तर मिळवायचं, डावीकडे आलं तर वजा करायचं. आजचा रिवाज हाच आहे आणि तो शाळेत शिकवावा, हेही मान्य. पुस्तकाशी माझं भांडण नाही. रोमन आकड्यांच्या बहुतेक घड्याळांवर चाराच्या जागी चार काड्याच असतात, आणि नेमका तोच पर्याय तुम्ही गळाला लावलात, इथं आपलं वाजलं. लंडनच्या बिग बेनच्या तबकडीवर मात्र तुमच्या मनासारखा चार आहे. म्हणजे आमच्या पोरानं मेहकरातलं घड्याळ सोडून लंडनचं बघायला हवं होतं. ठीक आहे, परीक्षेच्या अर्जासोबत यंदा पासपोर्टचाही अर्ज भरून टाकू.

आता रोमन लोकांनाच विचारू, कारण आकडे त्यांचे आहेत. रोमचं कोलोसियम इसवी सन ८० मध्ये खुलं झालं. प्रेक्षकांना आपापलं दार सापडावं म्हणून कमानींवर आकडे कोरलेले होते. त्यातले काही आजही वाचता येतात. चव्वेचाळिसाव्या दारावर काय कोरलंय? आधी एक्स-एल, म्हणजे पन्नासातून दहा वजा. आणि त्याला लागून चार उभ्या काड्या. चाळीस लिहिताना वजाबाकी केली, चार लिहिताना केली नाही, आणि दोन्ही एकाच कमानीवर. दारात तुमची उत्तरसूची घेऊन कुणी उभं नव्हतं, म्हणून लोक आत तरी गेले.

दुसरा साक्षीदार जर्मनीत आहे. बॉन शहरातल्या संग्रहालयात मार्कस केलियस नावाच्या रोमन सेनाधिकाऱ्याची स्मारकशिळा आहे. इसवी सन ९ मध्ये ट्यूटोबर्गच्या जंगलात रोमच्या तीन पलटणी कापल्या गेल्या, त्यातल्या अठराव्या पलटणीचा हा माणूस. भावानं त्याच्यासाठी शिळा उभारली. तिच्यावर पलटणीचा क्रमांक आहे एक्स-आय-आय-एक्स, म्हणजे विसाला दोन कमी. तुमच्या नियमात हे बसत नाही. बिचारा रणात पडला, आणि दोन हजार वर्षांनी तुमच्या हातून परीक्षेतही पडला. रोमनांनी स्वतः कधी पाळले नाहीत इतके कडक रोमन नियम तुम्ही मेहकरात पाळून घेता आहात. सीझरला असा अंमलदार मिळाला असता, तर साम्राज्य बुडालं नसतं.

तुमचे बाकीचे प्रश्नही तेवढेच दिव्य. ‘एक ते वीस संख्या रोमन पद्धतीत लिहिल्यास व्ही हे चिन्ह किती वेळा येईल?’ उत्तर दहा. बरं मग? हे कळल्यावर मुलाला संख्येबद्दल काय नवीन कळलं? ‘सी-डी-एक्स-एल-आय-व्ही म्हणजे किती?’ उत्तर चारशे चव्वेचाळीस. सहा अक्षरं आणि तीन वजाबाक्या. हा आकडा या जिल्ह्यात कोणत्या पाटीवर, कोणत्या पावतीवर, कोणत्या सातबाऱ्यावर असा लिहिलेला आहे, ते एकदा दाखवा.

प्रश्नच काढायचा असेल तर एक सुचवतो, मानधन नको. मुंबई-कोलकाता महामार्गानं जाताना नांदुऱ्याचा मारुती दिसतो, उंची १०५ फूट. रोमन आकड्यांत तो सी-व्ही एवढ्या दोनच अक्षरांत मावतो. त्याच्या पायाशी दर्शनाला ३८ माणसं उभी राहिली, तर त्यांना मात्र सात अक्षरं लागतात : तीन एक्स, एक व्ही, तीन आय. मोठी संख्या आखूड आणि लहान संख्या लांबलचक, असं का व्हावं? हे विचारा ना मुलांना. आपल्या पद्धतीत तीन आकडी पूर्णसंख्या दोन आकडीपेक्षा मोठीच असते, ती लांबीवरूनच ओळखता येते, हे त्यांचं त्यांनाच सापडेल. १०५ मधला एक शंभराचा आणि १५ मधला एक दहाचा, तो फक्त जागेमुळे. रोमन एक्स कुठंही बसवा, तो दहाचाच. फार तर मिळवायचा की वजा करायचा, एवढंच बदलतं. रिकामी जागा दाखवायला शून्य तिथं नाहीच, कारण जागेला किंमतच नाही. रोमन आकडे शिकण्यातली गोडी ही आहे. तुम्ही ती बाजूला सारून व्ही मोजायला लावता.

मग येतात बेरजा-वजाबाक्या, त्याही रोमनमध्ये. महोदय, स्वतः रोमन लोक असा हिशेब करत नसत. ते पाटीवर खडे मांडत, सरकवत, आणि आलेलं उत्तर तेवढं अक्षरांत लिहून ठेवत. आकडे नोंदीसाठी, हिशेब खड्यांवर. तुम्ही मात्र आमच्या लेकरांच्या हातातले खडे काढून घेतलेत आणि हिशेब अक्षरांत मांडा म्हणता.

तुमच्या नियमांचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे. एकच चिन्ह लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा लिहायचं नाही, हा नियम पाळला तर आडव्या रेघेसारखी वेगळी खूण न करता सगळ्यात मोठी लिहिता येणारी संख्या ३९९९. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये. तो तुमच्या नियमात लिहिताच येत नाही! बाजारात त्या भावाची वाट बघून कमी भावात माल घातलेल्या शेतकऱ्याला आता कारण सापडलं. व्यापाऱ्यांचा दोष नव्हता, ते बहुधा तुमच्याकडे शिकले असावेत.

रोम आम्हाला परकं आहे म्हणून ही तक्रार आहे, असं मात्र समजू नका. आमच्या जिल्ह्यातल्या धाड गावापासून जवळच असलेलं भोकरदन हे सातवाहनांच्या काळातलं व्यापाराचं गाव. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपे शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती बाई सापडली. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. इथला माल तिकडे जात होता, तिकडची नाणी इकडे येत होती. रोमन आकडे शिकवताना ही गोष्ट सांगितली, तर बुलढाण्याचं पोरगं कान टवकारून ऐकेल. पण यावर चार पर्यायांचा प्रश्न निघत नाही ना!

आणि त्याहून मोठी, आपल्या अंकांची गोष्ट तर तुम्ही पार दडवलीत. शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची, याचे नियम ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये लिहिले. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथं १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, म्हणजे योगी चांगदेव नव्हेत, यादव राजा सिंघणाच्या पदरचे ज्योतिषी, यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ स्थापला, असं तो लेख सांगतो. त्याच्या पाचच वर्षं आधी, १२०२ साली, इटलीतल्या पिसाच्या लिओनार्दोनं, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो, भारतीयांचे नऊ अंक आणि शून्य आपल्या लोकांना समजावून सांगणारं पुस्तक लिहिलं. रोमनांचे वंशज आपले अंक गिरवायला बसले होते, तेव्हा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात गणिताची शाळा भरत होती. पुढे १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानं हे नवे अंक हिशेबाच्या वहीत लिहायला बंदी केली. तरीही ते जिंकले, कारण त्यांनी हिशेब होत होता. आपल्या राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात संघराज्याच्या कामकाजासाठी हेच अंक ठरवले आहेत, आणि त्यांचं नाव तिथं आहे ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’. आमचं लेकरू देवनागरी अंक शिकतं, हे आंतरराष्ट्रीय रूप शिकतं आणि वर रोमनही शिकतं. तीन लिप्यांतले अंक दहाव्या वर्षी! जगातल्या किती मुलांवर ही वेळ येते? त्याची पाठ थोपटायची सोडून तुम्ही त्याचा पाय कुठं अडकेल ते शोधता.

रोमन आकडे टाकून द्या, असं मी म्हणत नाही. त्यांचं आजचं काम मोजण्याचं नाही, ओळख सांगण्याचं आहे. ग्रंथांच्या प्रस्तावनेची पानं, रसायनशास्त्रातलं लोह दोन की लोह तीन, वैद्यकातल्या मेंदूच्या बारा नसा, रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी ज्याच्या अभावी हिमोफिलियाचा एक प्रकार होतो तो आठवा घटक, ऑलिम्पिकचा क्रमांक, राजाच्या नावापुढचा आकडा. खामगावच्या चांदीच्या बाजारात कुणी आजीचा जुना रुपया मोडायला आणला, तर त्यावर एडवर्डच्या नावापुढे व्ही-आय-आय दिसेल, जॉर्जच्या नावापुढे नुसता व्ही किंवा व्ही-आय. सराफ तो आकडा बघत नाही, तो चांदी तोलतो. पण नात विचारते, ‘आजी, हा कोणता राजा?’ तेव्हा तो आकडा वाचता आला पाहिजे. एवढ्यासाठी रोमन आकडे शिकायचे, आणि त्याला दोन तासिका पुरतात.

म्हणून आपणास विनंती कम मागणी अशी की, घड्याळावर ढळढळीत दिसणारी गोष्ट चुकीचा पर्याय म्हणून टाकणं बंद करा. चिन्हं किती वेळा येतात हे मोजायला लावू नका. रोमनमध्ये बेरीज विचारू नका. विचारायचंच असेल तर नाणं दाखवा, तबकडी दाखवा, पाटीवरचं साल वाचायला द्या आणि आपले अंक त्याहून सोयीचे का, हे एका ओळीत लिहायला सांगा. वर्तुळ काळं करून त्याचं उत्तर देता येणार नाही आणि ते तपासायला वेळ लागेल, हे मला ठाऊक आहे. पण तो वेळ तुमचा जाईल, लेकरांचा नाही.

आणि जिल्ह्यातल्या गुरुजींना, बाईंना, आईबापांना हात जोडून सांगणं : यंदा सराव पेपरात मुलानं चार काड्या लिहिल्या, तर लाल पेन उचलण्याआधी त्याला विचारा, हे कुठं पाहिलंस? घड्याळात पाहिलं म्हणाला, तर आधी शाबासकी द्या, मग आजचा रिवाज सांगा, आणि मग कोलोसियमची गोष्ट. गुण कापायला पुढे परीक्षा आहेच.

आपला,
शिष्यवृत्तीला बसलेल्या एका विद्यार्थ्याचा आजोबा
मेहकर, जि. बुलढाणा