किती कृत्यांचा एक वंशसंहार?

१० जून १९९४. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याची पत्रकार परिषद. रॉयटर्सचे अ‍ॅलन एल्सनर यांनी प्रवक्त्या क्रिस्टीन शेली यांना विचारले, वंशसंहाराची किती कृत्ये झाली म्हणजे वंशसंहार होतो? या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या स्थितीत मी नाही, असे शेली म्हणाल्या. रवांडात तेव्हा तुत्सींची कत्तल सुरू होऊन दोन महिने उलटले होते.

तिथे ‘वंशसंहाराची कृत्ये’ घडली, एवढे म्हणायची परवानगी शेलींना होती. नुसते ‘वंशसंहार’ म्हणायची नव्हती. कारण १९४८च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार वंशसंहार रोखणे हे सही करणाऱ्या देशांचे कर्तव्य आहे. तो शब्द उच्चारला की काहीतरी करावे लागेल, ही धास्ती १ मेच्या पेंटॅगॉनमधल्या एका टिपणात लिहिलेली आहे. ते टिपण पुढे खुले झाले. सुरक्षा परिषदेने तर त्याआधीच, २१ एप्रिलला, सुमारे अडीच हजारांची शांतिसेना २७० जणांवर आणायचे ठरवले होते. ठरावात या कपातीला शांतिसेनेच्या कार्यकक्षेतली फेरजुळणी म्हटले गेले. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली.

मुत्सद्द्यांची भाषा अशी वापरली जाते, तेव्हा ती शिष्टाचार उरत नाही. ती जबाबदारी टाळण्याचे हत्यार होते.

या भाषेने जग वाचवलेही आहे, हे नाकारता येणार नाही. ऑक्टोबर १९६२मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे असल्याचे अमेरिकेला कळले. अध्यक्ष केनेडींनी बेटाभोवती नौदल उभे केले, पण ‘नाकेबंदी’ म्हणणे टाळून ‘क्वारंटाइन’ म्हटले. आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती ठरते. त्या एका शब्दामुळे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना मागे फिरायला वाट राहिली. अणुयुद्ध टळले, त्यात मोठा वाटा त्यानंतरच्या वाटाघाटींचा असला तरी शब्दाचाही होता.

मग चांगला शब्द कोणता आणि वाईट कोणता? माझी कसोटी एकच आहे. शब्दाने वेळ मिळाला, तो कोणाला? १९६२मध्ये तो युद्ध टाळू पाहणाऱ्यांना मिळाला. १९९४मध्ये मारेकऱ्यांना.

ही परिभाषा राजधान्या एकमेकींशी बोलताना नेमकी असते. सुरक्षा परिषदेच्या ठरावात ‘चिंता’, ‘तीव्र चिंता’, ‘खेद’ आणि ‘निषेध’ यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि एकेका पायरीसाठी रात्र रात्र घासाघीस होते. ‘मोकळी आणि स्पष्ट चर्चा झाली’ याचा अर्थ मतभेद मिटलेले नाहीत, हे दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना कळते. कळत नाही ते फक्त नागरिकाला, ज्याच्या नावाने ही चर्चा चालते.

आपल्याकडेही तेच होते. १५ जून २०२० रोजी गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान शहीद झाले. त्यानंतर चार वर्षे निवेदनांत ‘घर्षणबिंदू’, ‘सैन्यमाघार’, ‘तणाव कमी करण्याची प्रक्रिया’ हे शब्द फिरत राहिले. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी गस्तीबाबत समझोता जाहीर झाला. एप्रिल २०२०च्या आधी आपले जवान जिथवर गस्त घालत होते, तिथवर आज सगळीकडे जातात का, हा साधा मराठी प्रश्न आहे. त्याचे उत्तरही तितक्याच साध्या भाषेत मिळायला हवे. लष्करी गुपिते कोणी मागत नाही. आपल्या सीमेची खबर मागणे हा हक्क आहे.

वाटाघाटी सुरू असताना मुत्सद्द्यांनी जपून बोलावे. ते त्यांचे कामच आहे. आपले काम ते बोलणे जसेच्या तसे गिळणे नाही. वृत्तपत्रांनी संयुक्त निवेदन छापावे आणि त्याखाली चार ओळींत सांगावे : काय ठरले, काय राहिले, कोणता शब्द मागच्या वेळी होता आणि या वेळी गळाला. वाचकांनीही पुढचे निवेदन वाचताना एवढेच शोधावे, की यात मेलेल्या माणसांचा आकडा आहे का आणि मारणाऱ्याचे नाव आहे का. दोन्ही नसतील, तर संपादकाला पत्र लिहा, खासदाराला विचारा. रवांडाबाबत तो प्रश्न एका पत्रकाराने विचारला, तोवर फार उशीर झाला होता.